रिकाम्या संगणकावर २५ टक्के प्रोसेसर कोण खात होतं? माझा अनुभव

ऐरोलीच्या घरातल्या डेस्कटॉपवर काहीही उघडलेलं नसताना प्रोसेसरचा वापर २५ टक्क्यांच्या आसपास अडकून बसायचा. पंखा घोंघावायचा, माउस मध्येच अडखळायचा, गाणं लावलं की आवाजात तडतड यायची. दुकानातून विंडोज १० फॉरमॅट करून आणलं, तरी पहिल्याच दिवशी तोच आकडा. कोरी विंडोजही तसंच वागते म्हटल्यावर संशय हार्डवेअरवर गेला.

खरं तर तो आकडाच आधी नीट वाचायला हवा होता. प्रोसेसर कोअर आय३-६१००, म्हणजे दोन कोअर (प्रत्यक्ष काम करणारे भाग) आणि चार थ्रेड (एकाच वेळी चालू शकणाऱ्या कामांच्या रांगा). चारांतला एक थ्रेड पूर्ण गुंतला की टास्क मॅनेजर २५ टक्के दाखवतो. आठ थ्रेडच्या मशीनवर हाच बिघाड साडेबारा टक्के दिसेल आणि कुणाच्या लक्षातही येणार नाही. आकडा वरखाली न होता एका जागी चिकटला असेल, तर १०० ला थ्रेडच्या संख्येने भागून बघा.

मशीन रीस्टार्ट केलं. शटडाऊन नव्हे, रीस्टार्टच. कारण फास्ट स्टार्टअप (विंडोज लवकर सुरू करणारी सोय) चालू असेल तर शटडाऊननंतरही ड्रायव्हर, म्हणजे हार्डवेअर चालवणारे छोटे प्रोग्रॅम, जुन्याच अवस्थेतून उठतात. मग दहा मिनिटं हात लावला नाही. अपडेट, अँटिव्हायरस आणि सर्च इंडेक्सिंग यांची सुरुवातीची धावपळ ओसरू द्यावी लागते. त्यानंतर कंट्रोल-शिफ्ट-एस्केप दाबून टास्क मॅनेजर उघडला आणि सीपीयूच्या रकान्यावर क्लिक करून यादी उतरत्या क्रमाने लावली. सगळ्यात वर होतं ‘सिस्टिम इंटरप्ट्स’, २३ टक्के.

हा प्रोग्रॅम नाही, त्यामुळे तो बंद करता येत नाही. कीबोर्ड, डिस्क, नेटवर्क यांना काही सांगायचं असलं की ती प्रोसेसरची बेल वाजवतात. त्या बेलला उठण्यात गेलेला वेळ या ओळीत जमा होतो. निरोगी मशीनवर तो एक टक्क्याच्याही खाली असतो. २३ म्हणजे कुणीतरी बेलवर बोट दाबूनच ठेवलंय.

कोण, हे शोधायला लेटन्सीमॉन, म्हणजे कोणता ड्रायव्हर प्रोसेसरचा वेळ खातो ते दाखवणारा प्रोग्रॅम, पाच मिनिटं चालवला. ड्रायव्हर्सच्या यादीत अव्वल आलं डब्ल्यूडीएफ०१०००.सिस. इथे बरेच जण ती फाइल बदलायला धावतात. कृपया करू नका. अनेक ड्रायव्हर ज्या सामाईक चौकटीवर उभे असतात ती ही फाइल. यूएसबीचा गोंधळही तिच्याच नावावर दिसतो.

म्हणून आधी यूएसबी. टास्क मॅनेजर समोर ठेवून प्रिंटर, वेबकॅम, वायफाय डोंगल एकेक काढत गेलो. प्रत्येकानंतर अर्धा मिनिट थांबलो. आकडा हलला नाही. डिव्हाइस मॅनेजरमधून साउंड आणि लॅन तात्पुरते डिसेबल करून पाहिले, तरी तेच. (डिस्क कंट्रोलर आणि ज्या यूएसबी कंट्रोलरवर कीबोर्ड-माउस आहेत तो यात कधीही डिसेबल करू नये.)

उरलं होतं ते कॅबिनेटच्या पुढचं पोर्ट. त्यात काही लावलेलं नव्हतं, म्हणून ते हिशेबातच धरलं नव्हतं. टॉर्च मारून आत पाहिलं: चार पट्ट्यांपैकी एक वाकून शेजारच्या धातूला जवळजवळ टेकलेली, आणि कल्हई उडालेल्या पितळी भांड्यावर दिसते तशी हिरवट झाक. खाडीकडच्या खिडकीखाली दोन पावसाळे काढलेलं कॅबिनेट ते.

वीज बंद केली, प्लग काढला, पॉवरचं बटण पाच सेकंद दाबून उरलेला चार्ज घालवला. बाजूचा पत्रा उघडून मदरबोर्डवरून पुढच्या यूएसबीची वायर काढली. ही नऊ पिनांची असते. पुढच्या ऑडिओची वायरही तशीच दिसते, फक्त रिकामी जागा वेगळी: यूएसबीत ती कडेला, ऑडिओत कडेपासून दुसरी. बोर्डवरची अक्षरं वाचूनच हात घाला. निळी १९ पिनांची यूएसबी ३ ची वायर असेल तर ती सरळ वरच ओढा. तिरकी ओढली तर पिना वाकतात.

मशीन चालू केलं. सिस्टिम इंटरप्ट्स ०.१ टक्का. पंखा शांत, आवाजातली तडतड गेली.

आयसोप्रोपिल अल्कोहोल आणि जुना टूथब्रश घेऊन पोर्ट घासलं, पट्टी सुईने सरळ केली, रात्रभर वाळवून वायर परत जोडली. दोन दिवस ठीक चाललं. तिसऱ्या दिवशी संततधार लागली आणि आकडा पुन्हा २३. गंजलेला संपर्क घासून टिकत नाही, निदान इथल्या दमट हवेत तरी नाही. आता ती वायर कायमची काढलेली आहे. पेनड्राइव्हसाठी मागच्या पोर्टला एक मीटरची एक्स्टेन्शन लावून तिचं तोंड टेबलावर आणलंय, आणि कॅबिनेट खिडकीपासून उलट्या भिंतीला सरकवलंय.