पावनं, कुठनं आलाय?

मंगळवार, रात्रीचे पावणेबारा

झोप येत नाही. कारण सांगितलं तर कुणीही हसेल. ही तर हसलीच. तरी लिहून काढतो.

संध्याकाळी कॅमेरा घेऊन गंगावेशीत गेलो होतो. दूध कट्ट्यावर म्हशी येऊन उभ्या होत्या. दिवस पुरता मावळला नव्हता आणि समोरच्या दुकानातला पांढरा दिवा म्हशींच्या ओल्या पाठींवर पडला होता. कपाळावर पांढरा ठिपका असलेली एक, तिच्याशेजारी उकिडवे बसलेले मामा, दोन्ही गुडघ्यांत बादली. मी खाली वाकून विचारलं, "मामा, एक फोटो काढला तर चालेल का?"

"काढा की पावनं," मामा म्हणाले. "कुठनं आलाय?"

आणि मी म्हणालो, "पुण्याहून."

बस, एवढंच झालं. मला झोप लागत नाही ती या एका शब्दामुळे. माझा जन्म कोल्हापुरातला, शिवाजी पेठेतला. शाळा, कॉलेज, नोकरी, लग्न, सगळं या गावात. गाडी एमएच ०९. पुण्यात सलग राहिलो ते फार तर अकरा दिवस, आणि ते कशासाठी ते आठवायलाही नको. मग पुण्याहून कसा आलो?

आधी वाटलं, चूक मामांची. पन्नाशीला आलेल्या माणसाला त्याच्याच गावात, घरापासून चालत दहा मिनिटांवर, पाहुणा म्हणतात म्हणजे काय? पुराच्या दिवसांत शिवाजी पुलावर मी यांच्याच खांद्याला खांदा लावून उभा राहिलेला असणार. पंचगंगेचा इशारा ३९ फुटांवर, धोका ४३ फुटांवर, हे आकडे मला पाढ्यांच्या आधी आले. माळकर तिकटीपासून पापाच्या तिकटीपर्यंत डोळे मिटून जाईन. एवढा सगळा पुरावा असताना मी त्यातलं एक अक्षर बोललो नाही. बोललो तर काय, पुण्याहून.

मग वाटलं, चूक कॅमेऱ्याची. गळ्यात हा डबा अडकवला की माणूस परगावचा दिसतो. हे खूळ लागलं ते २०२४ च्या ऑगस्टात. ८ तारखेच्या रात्री केशवराव भोसले नाट्यगृह जळालं, दुसऱ्याच दिवशी केशवरावांची जयंती. १९१५ साली शाहू महाराजांनी पॅलेस थिएटर म्हणून सुरू केलेली ती वास्तू. खासबागेकडे माणसं नुसती उभी होती, कुणी कुणाशी बोलत नव्हतं. घरी येऊन हार्ड डिस्क उघडली. अंबाबाईच्या किरणोत्सवाच्या गर्दीचे तीन वर्षांचे फोटो. रंकाळ्याचे सूर्यास्त तर मोजायलाच नकोत; संध्यामठ पाण्यात, संध्यामठ पाण्याबाहेर. आणि जिथं आयुष्यातली निम्मी नाटकं बघितली त्या नाट्यगृहाचा फोटो एक. तोही धाकटीच्या बक्षीस समारंभाचा, मागं अर्धा खांब आणि पडद्याचा कोपरा.

तेव्हापासून रोजचंच टिपतो. कपिलतीर्थात भाजीच्या ढिगावर पाणी मारणारी बाई, चप्पल लाइनीत टांगलेल्या चपलांच्या माळा, भवानी मंडपाच्या खांबाला टेकून पेंगणारा फुगेवाला. दूध कट्टा मुद्दाम शेवटाला ठेवला होता. याच कट्ट्यावर आप्पांनी पहिल्यांदा पेला हातात दिला होता. त्यांचा इथला एकही फोटो... असो.

पण कॅमेऱ्यालाही बोल लावता येत नाही. मामांनी वर बघायच्या आधीच "पावनं" म्हटलं होतं. त्यांनी कॅमेरा बघितलाच नव्हता, ऐकलं होतं फक्त. "एक फोटो काढला तर चालेल का" असं कोल्हापुरात कोण बोलतं? इथला असता तर म्हणाला असता, "मामा, हिकडं बघा जरा," आणि काढून मोकळा झाला असता. परवानगी मागितली तिथंच मी परका ठरलो. ही भाषा माझ्या तोंडात कधी आली, कुणास ठाऊक. ऑफिसात, फोनवर, मुलींच्या शाळेत रोज थोडी थोडी आली असणार. त्यांनी विचारलं कुठनं, तेव्हा त्या वाक्याला शोभेल असं एकच गाव जिभेवर आलं.

पुढचं तर आणखी वाईट. मामा खुलले. "अंबाबाईचं दर्शन झालं न्हवं? मग आता जोतिबा करा, पन्हाळा करा, आनि तांबडा-पांढरा खाल्ल्याबिगर हलू नगा." मी मान डोलवत होतो. रंकाळा कुठल्या बाजूला ते त्यांनी हातानं दाखवलं, आणि मी त्या बाजूला बघितलंसुद्धा! मग पेलाभर दूध पुढं केलं, फेसासकट. पैसे काढले तर म्हणाले, "असू द्या. गावात आलाय तुमी."

खोटं बोलून प्यालेलं दूध. गोड लागलं, हे त्याहून वाईट.

एक मात्र आहे. रिकाम्या बादलीत पहिल्या धारा पडतात तेव्हा पत्र्याचा आवाज येतो, आणि बादली भरत जाते तसा तो आवाज आत आत जाऊन मऊ होतो. चाळीस वर्षं या रस्त्यानं जातोय, कधी ऐकला नव्हता. गाववाला म्हणून थांबलो असतो तर राजकारण नाहीतर फुटबॉल निघाला असता, आणि पाटाकडील का खंडोबा यात रात्र झाली असती.

आत्ता फोटो मोठा करून बघितला. मामांनी टोपी सारखी केलीय, मान ताठ, पाहुण्यासाठी बसतात तसे बसलेत. म्हशीनं मात्र मला बरोबर ओळखलंय. तिनं ढुंकूनही बघितलेलं नाही.

प्रिंट काढून नेऊन द्यायचं मी कबूल केलंय. कधी, असं विचारल्यावर "पुढच्या वेळी येईन तेव्हा" म्हणालो. म्हणजे आता किती दिवस गंगावेशीतनं जायचं नाही, ते हिशोबानं ठरवावं लागणार. उद्या बँकेत जाताना रंकाळवेशीकडनं वळसा.

ही म्हणाली, "भाचा सोमवारी पुण्याला चाललाय की. त्याच्याकडं दे, तिथनं टाकू दे पोस्टात."

पाकीट आणलंय. पत्त्याला अडलंय. मामांचं नाव विचारलंच नाही. गंगावेस, दूध कट्टा, कपाळावर ठिपक्याची म्हैस, एवढं लिहिलंय. पोचेल तसं.