पाय सरळ झाला, मग बूट कशासाठी?

क्लबफूट, म्हणजे जन्मतः पाऊल आत वळलेले असलेल्या बाळांच्या पालकांशी बोलण्याचे काम मी करते. प्लास्टरने पाय सरळ झाला, मग आता बूट कशासाठी, हा प्रश्न मला सतत विचारला जातो. तुम्हीही विचारलात, म्हणून सविस्तर लिहिते.

प्लास्टर आणि बुटांची ही उपचारपद्धती डॉ. इग्नासिओ पॉन्सेटी यांनी अमेरिकेतील आयोवा विद्यापीठात १९४० च्या दशकाच्या अखेरीपासून विकसित केली. तान्ह्या बाळाच्या पावलातील हाडे बरीचशी मऊ, लवचीक कूर्चेचीच असतात. त्यामुळे दर आठवड्याला पाऊल हळुवारपणे थोडे वळवून प्लास्टर घातले, की साधारण पाच ते सात प्लास्टरांत आकार सुधारतो. प्लास्टर मांडीपर्यंत घालतात, कारण गुडघ्याखालचे प्लास्टर घसरते आणि पाऊल बाहेर वळलेले राहत नाही. याला ‘बिनऑपरेशनचा उपचार’ म्हणत असले, तरी बहुतेक बाळांच्या टाचेमागची घट्ट शीर (रक्तवाहिनी नव्हे, पोटरीचा स्नायू टाचेला जोडणारा दोर) बारीक छेद देऊन मोकळी करावी लागते. हे मी पहिल्याच भेटीत सांगते. ऐनवेळी कळले तर पालकांचा विश्वास उडतो. शेवटच्या प्लास्टरच्या तीन आठवड्यांत ती शीर वाढीव लांबीने पुन्हा जुळून येते.

मात्र पाऊल सरळ दिसू लागले, तरी पहिली काही वर्षे पुन्हा आत वळण्याची त्याची प्रवृत्ती कायम असते. आडव्या पट्टीने एकमेकांना जोडलेले बूट पाऊल सरळ करत नाहीत, सरळ झालेले टिकवतात. पहिले तीन महिने ते दिवसाचे २३ तास आणि नंतर चार-पाच वर्षांच्या वयापर्यंत रात्री व दुपारच्या झोपेत घालायचे असतात; व्यंग एकाच पायात असले तरी दोन्ही पायांत, कारण त्या पट्टीच्या आधारानेच पाऊल बाहेर वळलेले राहते. पाऊल पुन्हा वळण्याचे सर्वांत मोठे कारण म्हणजे बूट घालणे मध्येच सुटणे.

माझ्या अनुभवात बूट निष्काळजीपणामुळे क्वचितच सुटतात, बहुधा मायेपोटी सुटतात. बाळ रात्री रडते, आजीला बघवत नाही, रोजच्या मालिशने भागेल असे कोणीतरी म्हणते, आणि जिला ‘ग्रहणात भाजी चिरली असशील’ असे आधीच ऐकवलेले असते ती आई एकटी विरोध करू शकत नाही. ग्रहणाचा या व्यंगाशी काहीही संबंध नाही. बहुतेक बाळांमध्ये निश्चित कारण सापडतच नाही. म्हणून एकट्या आईला समजावणे मला अपुरे वाटते, आणि वडिलांना व आजीलाही सोबत आणण्याचा मी आग्रह धरते.

पायावर लाली किंवा फोड दिसला, किंवा टाच बुटातून निसटू लागली, तर घरच्या घरी बूट घालणे बंद न करता लगेच दाखवायला यावे. पैशांची अडचण असेल, तर जिल्हा रुग्णालयात राष्ट्रीय बाल स्वास्थ्य कार्यक्रमाची चौकशी करावी, कारण त्यात क्लबफूटचा समावेश आहे. बूट घालणे सुटले असेल आणि चालताना टाच टेकत नसेल किंवा पाऊल आत झुकत असेल, तर ओरडा बसेल या भीतीने घरी थांबू नका. अशा वेळी बहुधा पुन्हा प्लास्टर घालून पाऊल सुधारता येते.