जिप्सी, गॅसची टाकी आणि चाळकेवाडीच्या पुढचा दीडशे मीटर चढ

पठारावरचा सूर्योदय, ढग आणि फुलं यासाठी कुणी हे वाचायला घेतलं असेल तर इथंच थांबा. मी दोन दिवसांत बहुतेक वेळ गाडीच्या मागच्या दारात वाकून होतो. अजून पाठ धरलेली आहे, त्यामुळे भाषा थोडी कडक वाटली तर समजून घ्या.

फेब्रुवारीतल्या शनिवारी पहाटे साडेपाचला सांगली सोडली. मी, मेहुणा आणि माझी जुनी जिप्सी. महिन्यापूर्वीच तिला एलपीजीचं किट बसवून घेतलं होतं. बेत असा: पेठ नाका, कराड, सातारा, बोगद्यातून वर ठोसेघर, चाळकेवाडी, तिथून पवनचक्क्यांच्या कच्च्या रस्त्यांनी पठारावरूनच वनकुसवडे आणि खाली पाटण. फोर बाय फोर चालवता येते, पंक्चर काढता येतं, दोर-कुदळ गाडीत आहे असं धरून लिहितोय. ते नसेल तर चाळकेवाडीत चहा घेऊन डांबरी रस्त्यानंच परत फिरा.

पहिलं भांडण साताऱ्याच्या अलीकडे हायवेवरच्या पंपावर झालं. माझी टाकी ४५ लिटरची. एलपीजीची टाकी काठोकाठ भरायची नसते. ८० टक्के झालं की आतला फ्लोट भरणं तोडतो, कारण ऊन लागलं की द्रव गॅस फुगतो आणि त्याला वर मोकळी जागा लागते. म्हणजे रिकाम्या टाकीत ३६ लिटर, त्याच्यावर नाही. माझ्या टाकीत थोडा गॅस शिल्लक होता, तरी मीटर ३७.२ वर जाऊन थांबला. मी सरळ पोरावर चढलो. मीटरमध्ये गडबड आहे, लुटताय, वगैरे. पोरगं शांत. "साहेब, मशीन बरोबर आहे, टाकी दाखवून घ्या." मला वाटलं, हे सगळे असंच म्हणतात. पैसे दिले आणि तणतणत निघालो.

पोरगं खरं बोलत होतं. लुटणारा सांगलीतच भेटून गेला होता.

बोगदा ते चाळकेवाडी रस्ता चांगला आहे, त्याबद्दल लिहिण्यासारखं काही नाही. चाळकेवाडीच्या पुढं पवनचक्क्यांकडे जाणारे फाटे सगळे सारखेच दिसतात. आम्ही धरलेल्या फाट्यावर जांभ्याचा एक चढ आहे. लांबी फार तर दीडशे मीटर. मधे पावसानं कापलेली घळ, वर सुटे दगड, आणि नाक थेट आभाळाकडे. फोर लो, पहिला गिअर, ॲक्सिलरेटर एकसारखा. जिप्सीचं १३०० सीसीचं इंजिन अशा ठिकाणी रडत नाही. पण अर्ध्यावर आचका दिला, दुसरा आचका, मग किटचा पीं पीं आवाज, आणि बंद. मेहुण्यानं उडी मारून चाकामागं दगड लावला. गेजवर गॅसचे तीन हिरवे दिवे जळतायत. पुन्हा चालू केली, पुन्हा तेच. तीन वेळा.

"दाजी, गॅस हाय म्हणतंय की हे!"

गॅस होताच, पण इंजिनपर्यंत पोचत नव्हता. नळकांड्यासारख्या टाकीचा मल्टिव्हॉल्व्ह (फ्लोट आणि गॅस उचलणारी नळी ज्याला जोडलेली असते तो टाकीवरचा व्हॉल्व्ह) ठरावीक कोनात बसवायचा असतो आणि तो कोन टाकीच्या प्लेटवर कोरलेला असतो. माझ्या टाकीवर ३० अंश. आतली गॅस उचलणारी नळी त्या कोनात बसली तरच तिचं तोंड तळाला टेकतं, आणि फ्लोटही ८० टक्क्यांवर बरोबर तोडतो. आमच्या मिस्त्रीनं मागच्या बाकड्याला व्हॉल्व्हचा डबा अडत होता म्हणून अख्खी टाकी पुढच्या बाजूला फिरवून पट्ट्या आवळल्या होत्या. सपाट रस्त्यावर कळायचं काही कारणच नाही. चढाला गॅस टाकीत मागच्या अंगाला जातो, नळीचं तोंड पुढं उघडं पडतं आणि ती द्रवाऐवजी वाफ ओढते. इंजिन उपाशी. पंपावरचा जास्तीचा गॅसही त्याच कोनामुळं. एका चुकीतून दोन्ही भानगडी.

हे शहाणपण मला चढावर सुचलेलं नाही. ते नंतर दुसऱ्या मिस्त्रीनं दाखवलं. चढावर मी फक्त शिव्या दिल्या आणि स्विच पेट्रोलवर टाकला. गाडी एका दमात वर.

आता पेट्रोल. "गॅस हाय की, पेट्रोल कशाला साठवायचं," असा सल्ला किट बसवणाऱ्या सांगलीच्या मिस्त्रीचा. टाकीत पाचेक लिटर असेल. पाटणपर्यंत पुरेल की नाही असा हिशोब करत वर सपाटीला पुन्हा गॅसवर टाकली, आणि दोन-तीन किलोमीटरवर मेहुणा म्हणाला, "वास येतोय बघा." सिलिंडर बदलताना येतो तोच. गाडी बंद, चावी काढली, सगळी दारं उघडी, दोघंही वाऱ्याच्या बाजूला लांब. एलपीजी हवेपेक्षा जड. वर उडून जात नाही, फ्लोअरवर तळ्यासारखा साठतो. खिडकी खाली केली म्हणजे झालं, असं समजू नका, मागचं दार सताड उघडा. वीस मिनिटं थांबलो. वारा भरपूर होता, पवनचक्क्या उगाच नाहीत तिथं.

मेहुण्याच्या बॅगेत शांपूची पुडी निघाली. बाटलीच्या झाकणात पाणी, त्यात शांपू, आणि बोटानं जॉइंटवर लावत गेलो. व्हॉल्व्हमधून इंजिनकडे जाणाऱ्या तांब्याच्या पाइपच्या नटावर वाटाण्याएवढा फुगा आला, फुटला, परत आला. नट हादऱ्यांनी सैल. तो सैल झाला तरी वास आत यायला नको होता, कारण व्हॉल्व्हवर हवाबंद डबा असतो आणि त्याच्या नळ्या गाडीच्या तळातून बाहेर काढतात. आमच्या डब्याचं रबर एका बाजूला दुमडून तसंच दाबलेलं होतं.

मी नट आवळला. ते तुम्ही करू नका. थंड डोक्यानं असतो तर मीही नुसता टाकीवरचा हातकॉक बंद केला असता, तो मी आवळल्यावर केला. तांब्याचा पाइप जास्त आवळला तर तोंडाशी चिरतो आणि मग शांपूची गरज पडत नाही. कॉक कुठं आहे ते किट बसवतानाच बघून ठेवा आणि घरी एकदा फिरवून बघा. माझा इतका घट्ट होता की रुमाल गुंडाळून फिरवावा लागला.

पाटणला पेट्रोलच्या काट्याकडं बघत उतरलो. रविवारी कोयनानगर वगैरे झालं, ठीक.

आता पैशांचं. किट बसवायचे ठरले होते २८ हजार, बिल आलं ३६,५००. "फोर बाय फोरचं स्पेशल ब्रॅकेट" ३,५००, पाइप जास्त लागला म्हणून वेगळे, उरलेले पासिंगचे. स्पेशल ब्रॅकेट म्हणजे फ्लोअरच्या पत्र्याला भोकं पाडून दोन लोखंडी पट्ट्या आणि चार बोल्ट. खालून ना वॉशर, ना पाटी. चार महिन्यांत पत्रा फाटला असता. दुसऱ्या मिस्त्रीनं टाकी प्लेटवरच्या कोनात फिरवली, बाकडं काढून टाकलं, अँगलची फ्रेम करून ती चॅसीच्या क्रॉसमेंबरला बोल्टनं धरली आणि पट्ट्यांखाली रबर घातलं. आता ३५ च्या आसपास भरणं आपोआप तुटतं. त्या पंपावर जाऊन पोराला सांगितलं. त्याला मी आठवतही नव्हतो.

ऑफरोड नेणार असाल तर बोल्ट आणि पाइपचे क्लिप प्रत्येक फेरीनंतर बघा, महिन्यातून एकदा नाही. पाइप एक्झॉस्टजवळून नेलेला असेल तर तिथंच वाद घाला. कूलंट कमी असेल तर रिड्यूसरवर (द्रव गॅसची वाफ करून इंजिनला देणाऱ्या भागावर) चक्क बर्फ धरतो, कारण द्रवाची वाफ करायची उष्णता त्याला कूलंटमधूनच मिळते. गॅसचे दोन्ही फिल्टर मी दहा हजार किलोमीटरवर बदलणार. टॅपेट, म्हणजे इंजिनच्या व्हॉल्व्हचं सेटिंगही बघत जा. आणि पेट्रोल कायम निम्मी टाकी, यावर माझ्याशी कुणी वाद घालू नये.

मायलेजबद्दल खोटं ऐकू नका. माझी पेट्रोलवर दहा द्यायची, गॅसवर आठ देते. रोज सांगली-कराड करणाऱ्यानं बसवावं. फक्त डोंगरात फिरायला गाडी ठेवली असेल तर बसवू नये. मागची निम्मी जागा जाते आणि डोंगरात कामाला पेट्रोलच येतं.

कागदांचं घाईघाईनं लिहितो. घरगुती सिलिंडर गाडीत लावणं गुन्हा आहे, "तात्पुरता" म्हणूनही नको. किटची मंजुरी तुमच्या गाडीला चालते का ते बसवण्याआधी कागदावर बघा. टाकीची चाचणी पाच वर्षांनी, तारीख प्लेटवर असते. आरसी बुकात पेट्रोल आणि एलपीजी अशी नोंद करून घ्या. "पासिंगचे" म्हणून पैसे घेणाऱ्यानं माझी फाइल एमएच-१० च्या, म्हणजे सांगलीच्या आरटीओ ऑफिसात नेलीच नव्हती. मी स्वतः रांगेत उभा राहिलो. विमा कंपनीलाही कळवा. थर्ड पार्टीला ६० रुपयेच वाढतात, किटचा विमा हवा असेल तर त्याच्या किमतीच्या ४ टक्के वेगळे.

त्या चढाला जायचंच असेल तर सकाळी जा. दुपारी उन्हात जांभा डोळ्यांवर येतो आणि घळ दिसत नाही.