भाच्याला सौदीहून आणलं तेव्हाचा अनुभव: पासपोर्ट सोपा, एक्झिट अवघड

आमच्याकडे कोणाचा पोरगा सौदीत अडकला की आता लोक डायरेक्ट माझ्या दुकानावर येतात आणि पहिलं वाक्य ठरलेलं, "पासपोर्ट कफीलकडे आहे हो, तो निघाला की काम झालं." कफील म्हणजे तिथला मालक, ज्याच्या व्हिसावर माणूस कामाला जातो. मी त्यांना आधी बसवतो, चहा सांगतो आणि मग सांगतो की बाबा पासपोर्टचं टेन्शन सोड, त्याला पर्याय आहे, खरं काम पुढे आहे, एक्झिटचं, म्हणजे तिथल्या सरकारकडून देश सोडायची परवानगी मिळवायचं. माझ्या भाच्याच्या वेळेला हे आम्हाला सांगणारं कोणी नव्हतं, म्हणून सगळं एकदा सविस्तर लिहितोय.

माझं अमळनेरला झेरॉक्स आणि ऑनलाइन फॉर्मचं दुकान आहे, सातबारा, पीकविमा, स्कॉलरशिप, पॅन कार्ड असली कामं. अक्काचं सासर पारोळ्याकडचं, कोरडवाहू कापूस, पाऊस दगा देतोच. तिच्या मोठ्या पोराकडे हेवी लायसन्स होतं, एक एजंट भेटला, म्हणाला रियाधला हाउस ड्रायव्हर, शेठची गाडी चालवायची, राहणं-खाणं शेठचं. पोरगा गेला. सुरुवातीला थोडे दिवस खरंच गाडी चालवली, मग कफीलनं त्याला बुरैदाच्या बाहेर मजऱ्यावर नेऊन टाकलं, म्हणजे वाळवंटातलं शेत समजा, तिथे उंट आणि मेंढ्या. बुरैदा म्हणजे रियाधपासून साडेतीनशेक किलोमीटर. पगार आधी उशिरा, मग बंदच.

इथे एक गोष्ट सांगतो जी बऱ्याच जणांना उलटी माहीत असते. भाचा दहावी पास, म्हणून त्याच्या पासपोर्टवर ईसीआर नाही, म्हणजे "कामाला बाहेर जाण्याआधी सरकारी मंजुरी लागेल" असा शिक्का नाही. आमच्याकडे याचा केवढा अभिमान, "आमच्या पोराला शिक्का नाही!" पण सौदीसकट १८ देशांत कामाला जाणाऱ्या ईसीआरवाल्याला सरकारच्या ई-मायग्रेट पोर्टलवरून एमिग्रेशन क्लिअरन्स घ्यावा लागतो, त्यात करार बघितला जातो, आणि प्रवासी भारतीय बीमा योजनेचा १० लाखांचा विमा सक्तीचा असतो, त्याचा हप्ता दोन वर्षांना २७५ रुपये अधिक टॅक्स, म्हणजे काहीच नाही. दहावी पासवाल्याला यातलं काहीच सक्तीचं नाही. तो आपला तिकीट काढतो आणि जातो. त्यामुळे भाच्याचा करार इकडच्या कुठल्याच सरकारी रेकॉर्डला नव्हता, होता तो एजंटच्या मोबाइलमध्ये.

एक दिवस रात्री फोन आला, "मामा, इकामा संपी गया, कफील नवा काढत नही, पगारबी देत नही. माले घर येनं शे." इकामा म्हणजे तिथलं राहण्याचं ओळखपत्र, ते कफीलनंच रिन्यू करायचं असतं. मी म्हटलं तू आते कोठे शे, तर म्हणे मजरा सोडून बुरैदात आझमगडच्या पोरांच्या खोलीवर आलोय. आणि तो निघाल्याबरोबर कफीलनं त्याच्यावर हुरूब लावला. हुरूब म्हणजे "माझा माणूस पळून गेला" अशी मालकानं केलेली सरकारी नोंद. ती एकदा पडली की माणूस तिथल्या कायद्यानं बेकायदा, पोलिसांनी धरलं तर सरळ आत.

गावात बातमी पसरली आणि सल्ले सुरू. आमदाराचं पत्र आण, खासदाराला भेट, ट्विटरवर मंत्र्याला टॅग कर. त्यात आमच्याकडे लोकांच्या डोक्यात २०२४ चा ऑगस्ट अजून ताजा, वरणगावकडच्या यात्रेकरूंची बस नेपाळात मर्स्यांगदी नदीत कोसळली आणि मृतदेह वायुदलाच्या विमानानं नाशिकला आणले. तेव्हापासून लोकांना वाटतं वरून फोन गेला की विमान येतं. अरे पण ती केवढी दुर्घटना, दोन्ही देशांची सरकारं कामाला लागलेली, आणि इथे एक पोरगा, त्यावर मालकाची तक्रार, आणि निघायची परवानगी देणारं सरकार आपलं नाहीच. मी पत्र आणलं, नाही असं नाही, पत्रानं तोटा होत नाही. पण पत्रावर जोडायला तक्रारीचा नंबर लागतोच.

तो नंबर मिळतो मदद पोर्टलवर. परराष्ट्र मंत्रालयानं २०१५ मध्ये सुरू केलेलं, परदेशातल्या भारतीयांच्या तक्रारींसाठी. पगार थकला, तुरुंगात आहे, मृतदेह आणायचाय, परत यायचंय, सगळ्याला वेगळे प्रकार आहेत. तक्रार घरचा माणूस इथून करू शकतो आणि ती त्या देशातल्या आपल्या दूतावासाकडे जाते. फॉर्म मी रोज भरतो त्या फॉर्मांसारखाच, अवघड काही नाही, अवघड आहे ते त्यात भरायचं काय. पासपोर्ट नंबर, इकामा नंबर, कफीलचं नाव, त्याचा फोन, कामाचा पत्ता. मजऱ्याला कुठला आलाय पत्ता! भाच्यानं व्हॉट्सॲपवर लोकेशन टाकलेलं होतं, ते मी तसंच तक्रारीत लिहिलं.

पासपोर्टची झेरॉक्स अक्कानं रेशनकार्डाच्या प्लॅस्टिकच्या पिशवीत ठेवलेली होती, चार घड्या घालून, आणि बरोब्बर घडीवर नंबरचे शेवटचे दोन आकडे उडालेले. उजेडाला धरलं, स्कॅन करून मोठं केलं, काही कळेना, तीन आहे का आठ. शेवटी एजंटनं जाताना अक्काच्या मोबाइलवर पाठवलेली व्हिसाची पीडीएफ सापडली. सगळी अरबी, पण पासपोर्ट नंबर इंग्रजी आकड्यांत, आणि कफीलचं नाव, त्याचा आयडी नंबर हे पण त्यातच. त्या एका पानानं आमचं अर्धं काम केलं. दुकानात कोणी परदेशी निघालेला आला तर आता मी व्हिसा, करार, पासपोर्टची दोन्ही पानं स्कॅन करून घरच्या दोन माणसांच्या मोबाइलवर टाकायला लावतो, पैसे घेत नाही त्याचे.

तक्रारीत काय लिहायचं याबद्दल एक. अक्काच्या नवऱ्यानं सांगितलं तसं मी आधी दोन पानं लिहिलं होतं, घरची परिस्थिती, म्हातारी आई, कर्ज. मग सगळं काढलं. गेला कधी, कोणत्या व्हिसावर, काम काय सांगितलं आणि काय दिलं, पगार कोणत्या महिन्यापासून नाही, इकामा कधी संपला, आता कुठे आहे, आम्हाला काय पाहिजे. एवढंच. वाचणाऱ्या माणसाला तिथून कफीलला फोन करायचाय, त्याला तारखा पाहिजेत. आणि पगार पाहिजे का घरी यायचंय, यातलं आधी काय, ते घरच्यांनी ठरवून घ्या. दोन्ही एकदम मागितलं तर पगाराचा निकाल लागेपर्यंत पोरगा तिथेच राहतो.

दूतावासाची चोवीस तास हेल्पलाइन आहे, हिंदीत बोलतात. ऑफिसला फोन करायचा तर लक्षात ठेवा, सौदी आपल्यापेक्षा अडीच तास मागे आणि सुट्टी शुक्रवार-शनिवार, म्हणजे आपला रविवार त्यांचा कामाचा. फोनवर जे साहेब भेटले त्यांनी मला जे सांगितलं तेच या सगळ्याचं सार आहे. म्हणाले, पासपोर्ट नसला तरी आम्ही इमर्जन्सी सर्टिफिकेट देऊ, ते आमच्या हातात आहे, पण एक्झिट सौदी सरकार देतं, ते आमच्या हातात नाही. मी विचारलं तुम्ही कफीलकडून पासपोर्ट ओढून आणू शकत नाही का, तर म्हणाले त्याला फोन करू, बोलावू, इथल्या लेबर ऑफिसला लिहू, पण त्याच्या दारात जाऊन जबरदस्ती नाही करता येत. १९६३ चा व्हिएन्ना करार आहे, त्यात वकिलातीला आपल्या माणसाला भेटायचा, मदत करायचा, कागद करून द्यायचा हक्क आहे, पण त्या देशाचा कायदा पाळूनच. कफीलला त्यांनी फोन केला. तो म्हणाला माझा व्हिसाचा खर्च द्या मग हुरूब काढतो. असं म्हणणारे तिथे भरपूर.

आणि हाउस ड्रायव्हर तिथल्या कामगार कायद्यात बसतच नाही. २०२१ पासून सौदीत बऱ्याच कामगारांना मालकाच्या परवानगीशिवाय नोकरी बदलायची, देश सोडायची सोय झाली, पण घरगुती ड्रायव्हर, शेतावरचे, मेंढपाळ हे त्यातून बाहेर ठेवलेले. म्हणजे भाचा व्हिसानं ड्रायव्हर आणि कामानं मेंढपाळ, दोन्हीकडून बाहेरच.

इमर्जन्सी सर्टिफिकेटचं काम खरंच पटकन झालं. इकामा संपलेला असताना बुरैदाहून रियाधला जायचं तर रस्त्यात चेकपोस्ट, म्हणून पोरगा घाबरलेला. पण दूतावासाची टीम बाहेरच्या शहरांत दौऱ्यावर जाते, बुरैदाचा दौरा लागला तेव्हा तो तिथेच फॉर्म, फोटो आणि मी पाठवलेली पीडीएफ घेऊन गेला. पासपोर्ट नंबर होता म्हणून तो भारतीयच आहे हे त्यांना सिस्टिमवर दिसलं, नंबरच नसता तर गावाकडे पोलिसांकडून पडताळणी आली असती आणि त्यात वेळ गेला असता. हे सर्टिफिकेट म्हणजे फक्त भारतात परत यायचा, एका बाजूचा कागद. त्याचा फोटो आला तर अक्कानं अख्ख्या गल्लीला दाखवला, "मन्हा आंडोर येस," माझा पोरगा येतोय.

मी पण त्या दिवशी खुश होतो. पुढचं माहीत नव्हतं ना.

हुरूबवाल्याला एक्झिट मिळवायची तर दूतावासाकडे वेगळी नोंदणी करावी लागते, मग ते नावं घेऊन तिथल्या लेबर ऑफिसकडे किंवा तरहीलकडे जातात. तरहील म्हणजे परत पाठवायच्या लोकांचं केंद्र. तिथे बोटांचे ठसे होतात आणि कॉम्प्युटरवर बघतात की माणूस मतलूब तर नाही, म्हणजे पोलीस केस, कर्ज, दंड काही बाकी आहे का. असेल तर ते मिटेपर्यंत एक्झिट नाही. आणि आमचा गडी निघाला ड्रायव्हर! पहिल्या आठवड्यांत शेठच्या पोरांना शाळेत सोडताना कॅमेऱ्यानं धरलेले स्पीडचे दंड त्याच्या इकाम्यावर पडलेले. त्याला पत्ताच नाही, मेसेज जुन्या सिमवर जायचे आणि ते सिम कफीलकडे.

आता दंड भरायचा कसा. भाच्याकडे बँक खातं चालू नाही, इकामा नाही. शेवटी खोलीवरच्या आझमगडच्या पोरानं त्याच्या ॲपवरून भरला आणि मी इकडून त्याच्या घरी, आझमगडला, त्याच्या बापाला यूपीआयनं पैसे पाठवले. ना कधी भेट ना ओळख, त्या म्हाताऱ्यानं फोन करून सांगितलं, "मिल गया बेटा, चिंता मत करो, तुम्हारा लड़का हमारे लड़के के साथ रोटी खा रहा है." त्या पोराला स्वतःलाच दोन वर्षांत सुट्टी मिळालेली नव्हती.

दंडासाठी, तिकिटासाठी दूतावासाकडे निधी असतो, इंडियन कम्युनिटी वेल्फेअर फंड, २००९ पासूनचा. परदेशात पासपोर्ट-बिसपोर्टच्या कामाला जी फी घेतात त्यात थोडी रक्कम या फंडाची असते. खरंच हलाखीत असलेल्याला त्यातून तिकीट, निवारा, वकील, मृतदेह पाठवायचा खर्च मिळू शकतो. आम्ही तिकीट आम्हीच काढलं, अक्काच्या दिरानं मका विकलेला होता. ज्याला जमत नाही त्यानं अर्ज करायला लाजू नये, तो पैसा त्यासाठीच आहे.

मधले दिवस नुसते वाट बघण्याचे. पोर्टलवर तीच ओळ, कार्यवाही सुरू. अक्का रोज संध्याकाळी दुकानात येऊन बसायची आणि मी रिफ्रेश करायचो. एजंट लोक या काळातच फोन करतात, लक्षात ठेवा. भाच्याला एकानं सांगितलं इतके रियाल दे, उद्या एक्झिट लावून देतो. आझमगडच्या पोरानं त्याचा हात धरून ठेवला म्हणून पैसे वाचले, कारण त्याच्याच ओळखीतला एक जण तसे पैसे देऊन बसला होता.

एक्झिट लागला तेव्हा भाचा तरहीलमध्ये होता, फोन काढून घेतलेला, आम्हाला कळलं ते दूतावासाच्या माणसाकडून. मुंबईला इमिग्रेशनवर सर्टिफिकेट बघून बाजूला बसवलं, कसा गेला, कोणी पाठवलं विचारलं, मग सोडलं. घाबरायचं काही नसतं, पण त्या सर्टिफिकेटची झेरॉक्स आधीच काढून ठेवा, नवा पासपोर्ट काढताना जुन्याचं काय झालं ते सांगावंच लागतं. सकाळी जळगावला उतरला, दाढी वाढलेली, हातात एक पिशवी. अक्का स्टेशनवर काहीच बोलली नाही, नुसती त्याची कॉलर सरळ करत राहिली.

पुन्हा सौदीला कामाला जायचा रस्ता ठसे दिल्यामुळे बहुतेक बंद. उघडला तरी मी जाऊ देणार नाही. सध्या केळीच्या गाडीवर आहे, रावेर ते दिल्ली.

एजंटचं म्हणाल तर १९८३ च्या एमिग्रेशन कायद्यानुसार नोंदणी नसताना परदेशी कामाला माणसं पाठवणं हाच गुन्हा आहे, आणि नोंदणीवाल्यालाही सर्विस चार्ज ३० हजार अधिक जीएसटी, याच्यावर घेता येत नाही. आमच्याकडून त्यानं कितीतरी जास्त घेतलेले. ई-मायग्रेटवर नोंदणी असलेल्या एजंटांची यादी आहे, त्यात त्याचं नाव नाही. पोलिसांत तक्रार दिलीय आणि मुंबईला बीकेसीत विदेश भवनात प्रोटेक्टर ऑफ एमिग्रंट्सचं ऑफिस आहे, तिथे पण दिलीय. अर्धे पैसे परत करतो, तक्रार मागे घ्या असा निरोप येऊन गेला. अक्का म्हणते घेऊन टाक, मी म्हणतो पूर्ण दे मग बघू, त्यावरून आमचं अजून चालूच आहे.

पगाराची बाकी कफीलकडे आहे. त्यासाठी निघायच्या आधीच भाच्यानं दूतावासाच्या नावानं मुखत्यारपत्र करून दिलंय, तो इथे असला तरी तिकडे प्रकरण चालू राहतं. त्याचा नंबर वेगळा आहे, तो मी दुकानातल्या वहीत पहिल्या पानावर लिहून ठेवलाय.