ए० प्लॅन, ए४ कागद: हरवलेले साडेचार मिलिमीटर सापडले

मॉडेल विमानाच्या विंगचा ए० आकाराचा (१,१८९ गुणिले ८४१ मिमी) प्लॅन शेवटी ए४ वर तुकड्यांत छापून, जोडून बोर्डावर चढला. जोड सुरेख बसले, रेघेला रेघ मिळाली. मग १,१०० मिमीला कापून ठेवलेला स्पार (विंगच्या लांबीभर जाणारी मुख्य काठी) वर ठेवला, तर साडेचार मिमी बाहेर! आणि कॉर्ड (विंगची पुढून मागपर्यंतची रुंदी) मात्र तंतोतंत.

नेहमीचे संशयित आधी निकालात काढले. 'फिट टू पेज' (कागदात मावेल असं लहान करून छापणं) चालू राहिलं असतं तर दोन्ही दिशांना सारखंच आकसलं असतं. इंकस्केप या चित्रं काढायच्या सॉफ्टवेअरच्या ०.९२ आवृत्तीआधीच्या फाइलींचा घोळ (२०१७ मध्ये ९० डीपीआयचे, म्हणजे इंचामागच्या ठिपक्यांचे, ९६ झाले तो) म्हणावा, तर चित्र ९३.७५ टक्क्यांवर येतं, म्हणजे स्पार जवळजवळ ७० मिमी बाहेर राहिला असता. जोडताना सरकलं म्हणावं, तर चार जोडांत प्रत्येकी मिलिमीटरभर तरी हवं, आणि खिडकीच्या काचेवर धरून जोडलेल्या कागदांत तेवढं लपत नाही.

मग एका कागदावर नुसतं अधिकचं चिन्ह छापलं, लांबीत २५० मिमी आणि रुंदीत १९०. स्टीलच्या पट्टीने मोजलं. (प्लास्टिकची पट्टी या कामाला घेऊच नका, दोन पट्ट्यांचं आपसात पटत नाही.) रुंदी १९० ला १९०. लांबी २४९. फाइलीत पानासकट चिन्ह आडवं फिरवून पुन्हा छापलं, तरी कमी भरली ती कागदाच्या लांबीतलीच रेघ. म्हणजे खोट फाइलीत नाही. कागद प्रिंटरमधून ज्या दिशेने सरकतो, त्या दिशेत आहे. लेझर प्रिंटरचा फ्यूजर (शाई पक्की करणारा गरम रोलर) कागद तापवतो, ओलावा उडतो, कागद जरासा आखडतो. त्यात रोलरच्या वेगातला बारीकसा फरक मिसळतो. सगळं मिळून ०.४ टक्के. दोन रिब्समधल्या (विंगला आकार देणाऱ्या आडव्या पट्ट्यांमधल्या) ५० मिमी अंतरात हे ०.२ मिमी, कोणाच्या बापाला कळत नाही. स्पारला मात्र बरोबर कळतं.

उपाय सरळ वाटला: इंकस्केपमध्ये त्या एकाच दिशेला १००.४ टक्के करायचं. पण त्याआधी पानांची मांडणी पाहिली आणि बेत बदलला. अॅक्रोबॅट रीडरचं 'पोस्टर' (मोठं चित्र अनेक कागदांवर वाटून छापणं) मला आवडतं, पण पानं आडवी की उभी यावर लक्ष ठेवावं लागतं. आडव्या ए० वर आडवे ए४ टाकले, की ५ मिमी मार्जिन आणि १० मिमी ओव्हरलॅप (कागदावर कागद चढतो ती पट्टी) धरून पाच गुणिले पाच, २५ कागद. तेच ए४ उभे टाका. उंचीत तीन कागदांत २८७ + २७७ + २७७ = ८४१. ए० ची उंची नेमकी तेवढीच! रुंदीत सात, म्हणजे एकूण २१. चार कागद वाचले याचा आनंद आहेच, पण खरी गंमत पुढे आहे. आता स्पॅन (विंगची टोकापासून टोकापर्यंतची लांबी) कागदाच्या रुंदीत येतो, आणि तिथे माझा प्रिंटर चोख आहे. काही न ताणता स्पार बसायला हवा.

उंची दुरुस्त करायची म्हटलं तर ८४१ चे ८४४.४ होतात आणि तीन कागद पुरत नाहीत. ओव्हरलॅप ८ मिमी केला तर ८४५ पर्यंत जाता येतं, पण एवढ्याशा पट्टीवर ग्लू स्टिक लावताना बोटांची परीक्षा असते. (पातळ गोंद नकोच. कागद ओला झाला की फुगतो आणि सगळं मुसळ केरात.)

हे लिहिता लिहिताच सुचलं की दुरुस्तीची गरजच काय? रिब्स तशाही वेगळ्या छापून बाल्सावर (हलक्या लाकडावर) चिकटवायच्या आहेत. १८० मिमीची कॉर्ड ए४ च्या रुंदीत मावते, तेव्हा प्रत्येक रिब आडवी झोपवायची. तिची जाडी २० मिमी, त्यात आखडणं ०.०८. बाल्साला सॅंडपेपरचा एक हात त्याहून जास्त नेतो. प्लॅनवर कॉर्ड ०.७ मिमी कमी दिसेल, दिसू दे. विंगचा आकार रिब्स ठरवतात. फ्यूजलाजही (विमानाचं धड) लांबीत स्पॅनच्याच दिशेने काढलेला आहे. उरलं टेलप्लेन, म्हणजे शेपटीचा आडवा पंख. ते प्लॅनवर उभं आहे, म्हणून कापून, ९० अंशांत फिरवून स्वतंत्र कागदांवर घेतो.

या खेपेला सगळ्या चित्राखाली ५० मिमीची फिकट जाळी टाकतोय, ०.१ मिमीच्या रेघांची. प्रत्येक कागद जोडायच्या आधी एकेकटा तपासता येईल, आणि कटमार्कच्या (कागद कुठे कापायचा त्या खुणांच्या) भरवशावर बसावं लागणार नाही.