यहूदाला पण पस्तावा झालाच होता की

गुड फ्रायडे जवळ आला की येशूला धरून देणारा त्याचा शिष्य यहूदा इस्कर्योत याच्यावर चर्चमधे एकतरी संदेश (प्रवचन) ठरलेला, आणि त्यात त्याला नुसतं धू धू धुतात. ठीके, त्याने गुरूला विकलंच. पण बायबलमधलं मत्तय २७ जरा नीट वाचा ना. येशूला दोषी ठरवलं हे बघून तो पस्तावतो, त्याबद्दल मिळालेली तीस नाणी घेऊन मुख्य याजकांकडे, म्हणजे मंदिरातल्या पुरोहितांकडे, परत जातो आणि स्वतःच्या तोंडाने सांगतो की मी पाप केलंय, निर्दोष माणसाला धरून दिलंय. म्हणजे वाईट वाटलं, कबूल केलं, पैसेही परत केले, संडेस्कूलमधे आपण पोरांना अजून वेगळं काय शिकवतो?

आणि याजक म्हणतात, आम्हाला काय त्याचं, तुझं तू बघ. लोकांनी पाप घेऊन ज्यांच्याकडे जायचं तीच ही माणसं! मग तो नाणी मंदिरात फेकतो आणि जाऊन गळफास घेतो. हे मात्र हिशोब करत बसतात की रक्ताचे पैसे भांडारात चालत नाहीत, मग त्या पैशांत कुंभाराचं शेत घेतात, परक्यांना पुरायला. नियमात एकदम चोख. खरं सांगू, मला यहूदापेक्षा ह्यांचाच राग जास्त येतो. आणि चर्च सुटल्यावर कोणी काही मनातलं बोलायला आलं की आपण पण "प्रार्थनेत आठवण करतो हां" म्हणून गाडी काढतोच ना, ते काय फार वेगळं नाहीये.

येशूला धरलं त्याच रात्री पेत्राने, त्याच्या दुसऱ्या एका शिष्याने, कोळशाच्या विस्तवापाशी शेकत शेकत तीनदा सांगितलं की मी येशूला ओळखत नाही, कोंबडा आरवला आणि बाहेर जाऊन तो ढसाढसा रडला. बायबलमधेच प्रेषित पौलाने करिंथकरांच्या दुसऱ्या पत्रात (अध्याय ७) दोन प्रकारचं दुःख सांगितलंय, एक तारणाकडे नेणारं आणि एक मरणाकडे, त्यावरून लोक म्हणतात पेत्राचं खरं आणि यहूदाचं खोटं. मला नाही पटत. किती वाईट वाटलं हे मोजायला कोण गेलं होतं? मला फरक एवढाच दिसतो की पेत्र रडून झाल्यावर बाकीच्यांतच राहिला, आणि पुढे योहान २१ मधे, येशू मेलेल्यांतून उठल्यावर, सरोवराच्या काठावर प्रभू आहे म्हटल्यावर ह्या गड्याने होडी काठाला लागायची पण वाट बघितली नाही, अंगरखा गुंडाळून सरळ पाण्यात उडी! ज्याला नाकारलं त्याच्याकडेच.

काठावर परत कोळशाचा विस्तव, वर मासे, भाकर. आधी नाश्ता, मग येशूचा पेत्राला प्रश्न, तोही तीनदा, माझ्यावर प्रीती करतोस का. तिसऱ्यांदा विचारल्यावर पेत्राला वाईट वाटलं असं स्पष्ट लिहिलंय, म्हणजे दुःख काही एका रात्रीत संपत नाही. पण दर उत्तराला काम मिळालं, माझी मेंढरं सांभाळ, म्हणजे माझ्या लोकांची काळजी घे. आमच्या चर्चच्या कमिटीपुढे हीच केस आली असती तर आधी प्रभुभोजन (चर्चमधली पवित्र भाकर आणि द्राक्षारस) बंद, मग माफीपत्र, आणि मेंढरांचं पुढच्या वार्षिक सभेत बघू.