भाकरीसुद्धा हिशोबात

२०२४ च्या विधानसभेला सोलापुरात, आमच्या पूर्व भागातल्या एका अपक्षाची खर्चवही मी लिहिली. पांढऱ्या पानांवर रोजचा खर्च, गुलाबीवर रोकड, पिवळ्यावर बँक. चहा, खुर्च्या, रिक्षावरचा भोंगा, सगळ्यांचे दर निवडणूक कार्यालयाने ठरवलेले. शेजारच्या मावशींनी कार्यकर्त्यांना फुकट भाकरी-शेंगाचटणी दिली, तीही किंमत लावून मांडली. मावशी रागावल्याच. "माझ्या भाकरीचे पैसे कसले लावतोस रे?" त्यांना समजावताना माझा जीव कासावीस झाला.

उमेदवाराला मर्यादा ४० लाखांची. पक्षाच्या स्वतःच्या प्रचारखर्चाला मात्र कायद्यात मर्यादाच नाही! हे मला अजून सलतं.

निकालानंतर तीस दिवसांत हिशोब द्यायचा असतो. आम्ही एकविसाव्या दिवशी दिला. पोचपावती माझ्या कपाटात आहे.